पाण्याची रेघ आणि एक इंडी गाणं

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसलेय. निमित्त घरचंच आहे, त्यामुळे नातेवाईकांना अर्धी गोष्ट आधीच माहीत असणार. त्यांनी समजून घ्यावं, आणि लगेच आईला फोन करून "तिने तुमच्याबद्दल असं असं लिहिलंय" हे सांगू नये ही नम्र विनंती :-)

तर, माझा भाचा, म्हणजे दादाचा धाकटा, मास मीडिया शिकतो. पूर्वी ज्याला बीएमएम म्हणायचे आणि ज्याचं नाव मुंबई विद्यापीठाने २०१९ पासून बदलून आणखी लांबलचक केलं, तोच कोर्स. या वर्षी त्यांना प्रोजेक्ट होता. एक स्वतंत्र गाणं घ्यायचं, त्याचा व्हिडिओ करायचा, आणि त्याचं कव्हर व पोस्टरही करायचं. अट एकच. गाणं ज्या जॉनरचं आहे त्या जॉनरचे संकेत ओळखायचे, वापरायचे, आणि कुठे मोडले तर का मोडले ते लिहून द्यायचं.

गट चौघांचा. भाचा कॅमेरा आणि संकलन बघणार. गिटारवाला डोंबिवलीचा, कोकणाशी संबंध फक्त गोव्याला जाताना वाटेत लागतं एवढाच. गाणारी मुलगी महाडचीच. गाणं तिनेच लिहिलेलं आणि चालही तिचीच. आणि चौथा पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतला, ज्याचे वडील शक्ती-तुऱ्याचे शाहीर आहेत. चौघांनी महाडला आमच्या घरी मुक्काम ठोकला. मी नेमकी तेव्हा आईकडे गेलेली, त्यामुळे आयती सापडले.

माझा यात संबंध असा, की १९९६ पासून पाचसहा वर्षं मी लालबागला एका डीटीपीच्या दुकानात कॅसेटींची इनले कार्डं करायचे. कोरल ड्रॉ, श्रीलिपी आणि वरती गरगरणारा पंखा. कोळीगीतं, भजनं, भारूडं, बाल्या नाच, भीमगीतं, सगळं त्याच टेबलावर. त्यामुळे कव्हर म्हटलं की माझे कान टवकारतात. भाच्याला हे माहीत. म्हणाला, "आत्या, तू फक्त बघ. बोलू नकोस." आता मी बघितलं आणि बोलले नाही, असं आमच्या घरात कधी झालंय का?

आधी त्यांनी मला त्यांची वही दाखवली. इंडी व्हिडिओचे संकेत म्हणून मुलांनी पंचवीस-तीस व्हिडिओ बघून यादी केली होती. कॅमेरा हातात धरलेला, थोडा हलता. उजेड नैसर्गिक, शक्यतो संध्याकाळचा. रंग उतरलेले, जुन्या फोटोसारखे. एकच माणूस, तोही पाठमोरा किंवा खिडकीबाहेर बघणारा. बसची किंवा रेल्वेची खिडकी तर हवीच. पाऊस असल्यास उत्तम. नाच नाही, एकसारखे कपडे नाहीत. कव्हरवर गायकाचा चेहरा नाही, जमलं तर नावही नाही.

मला हसू आलं, पण यादी चोख होती. आणि यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. हा शब्द आला 'इंडिपेंडंट'वरून, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपनीशिवाय स्वतःच्या पैशाने काढलेलं गाणं. मँचेस्टरच्या बझकॉक्स नावाच्या बँडने घरच्यांकडून, मित्रांकडून ५०० पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. पहिल्या प्रती हजार. कव्हरवरचा फोटो त्यांच्या मॅनेजरने पोलरॉइड कॅमेऱ्याने काढलेला. स्टुडिओ, मेकअप, छायाचित्रकार यांना पैसे नव्हतेच. दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, जॉय डिव्हिजनच्या 'अननोन प्लेझर्स'चं कव्हर पीटर सॅव्हिलने केलं. काळ्यावर पांढऱ्या रेघांच्या डोंगररांगा. ते खरं तर एका दूरच्या ताऱ्याकडून आलेल्या रेडिओ लहरींचं चित्र, खगोलशास्त्राच्या एका कोशातून घेतलेलं. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना रेकॉर्डचं. आज तेच चित्र टी-शर्टवर घालून मुलं दादरला फिरतात. त्यातल्या निम्म्यांना बँड माहीत नसतो.

म्हणजे बघा, जे आधी पैसे नसल्यामुळे झालं, किंवा कंपनीचं ऐकायचं नाही म्हणून केलं, ती पुढे शैली झाली. अँड्र्यू गुडविन नावाच्या अभ्यासकाने १९९२ मध्ये म्युझिक व्हिडिओंवर एक पुस्तक लिहिलं. ते मुलांना अभ्यासाला होतं. त्यातला एक मुद्दा भाच्याने मला समजावून सांगितला. रेकॉर्ड कंपनीला गायकाचा चेहरा विकायचा असतो, म्हणून व्हिडिओत चेहऱ्याचे क्लोजअप असावेच लागतात. इंडीवाल्यांनी चेहरा लपवला तो याच्या उलट जायचं म्हणून. "आम्ही चेहरा विकत नाही, गाणं ऐका."

हे मला पटलं. पण चेहरा न दाखवण्याचा हा अर्थ मँचेस्टरला लागू होता. महाडला होतो का? हा प्रश्न तेव्हा कोणाच्याच डोक्यात नव्हता, माझ्याही नाही. तो उभा राहिला पहिला कट बघताना.

पहिला कट त्यांनी गेल्या पावसाळ्यात काढलेल्या दृश्यांवर बांधला होता. छान होता हो! खोटं कशाला बोलू. गच्चीवर पडणारा पाऊस, सावित्रीचं गढूळ पाणी, आंबेनळी घाटातलं धुकं, एसटीच्या काचेवरून ओघळणारे थेंब, आणि छत्री घेऊन पाठमोरी चाललेली मुलगी. मागे गिटार. आम्ही दिवाणखान्यात टीव्हीला जोडून बघत होतो. आईही येऊन बसली. दीड मिनिटभर तिने बघितलं. मग उठली आणि आत जाता जाता म्हणाली, "नदी कुठवर आलीये ते दाखवत नाहीत, नुसतीच दाखवतात."

मुलांना कळेना. मला कळलं.

ज्यांना महाड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सावित्री उगवते महाबळेश्वरला. तिथून डोंगर उतरून पोलादपूरवरून महाडला येते. इथे तिला गांधारी मिळते आणि पुढे ती बाणकोटच्या खाडीत जाते. वर महाबळेश्वरला कोसळला की पाणी काही तासांत खाली. त्याच वेळी खाडीला भरती असेल तर पाण्याला पुढे जायला वाव नाही. मग ते बाजारपेठेत शिरतं. त्यामुळे पावसाळ्यात महाडची माणसं आभाळाकडे कमी आणि नदीकडे जास्त बघतात. "कुठवर आलंय?" हा इथला जुलै महिन्यातला नमस्कार आहे. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला एका दिवसात ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. महाडात पाणी दुकानांच्या पाट्यांपर्यंत गेलं. आमच्या घरी तळमजला बुडला. दादा, वहिनी, आई आणि हा भाचा रात्रभर माळ्यावर बसून होते. फोन बंद, वीज बंद. मी पुण्यात बसून नंबर फिरवतेय. त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही तेच. त्याच्या सोळा वर्षं आधी, जुलै २००५ मध्ये, जुई, दासगाव, कोंडिवते, रोहण. नावं सांगायला लागलं की संपत नाहीत.

आणि मराठी गाण्यातला पाऊस कसा असतो? भिजायचा. नव्वदच्या दशकात मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' आला आणि त्यानंतर मराठी अल्बममधला पाऊस म्हणजे आठवण, खिडकी आणि चहा असं समीकरणच झालं. मलाही तो अल्बम आवडतो. आमच्या दुकानात दिवसभर वाजायचा. इंडी व्हिडिओतला पाऊस त्याचाच पुढचा भाऊ, जरा जास्त उदास इतकंच. गंमत अशी, की मुलीचं गाणं होतं पुराबद्दल. थेट पूर हा शब्द त्यात नाही, पण भिंतीवर राहिलेल्या पाण्याच्या रेघेबद्दल आहे, आणि रेघेच्या वरचं जग आणि खालचं जग याबद्दल आहे. शब्द पुराचे आणि चित्रं गारव्याची! संकेत इतके अंगवळणी पडलेले, की पूर बघितलेल्या दोन पोरांनीसुद्धा पाऊस म्हटल्यावर आपोआप तीच चित्रं काढली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मोठी चर्चा झाली. गिटारवाला म्हणाला, मग पूर दाखवू या. यूट्यूबवर २०२१ ची दृश्यं आहेत, बातम्यांतली. आणि तळियेला जाऊन ड्रोनने वरून घेऊ, डोंगराचा तो ओरखडा. एक खांब, एक चप्पल, असं काहीतरी. त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. तो फक्त दुसऱ्या जॉनरमध्ये गेला होता, बातम्यांच्या.

पोलादपूरचा मुलगा तोपर्यंत गप्प होता. तो म्हणाला, "तिथे नको." एवढंच. मग थोड्या वेळाने, "तिथे गेलेल्यांचे फोटो लावलेत लोकांनी घरात. त्यांना वरून बघायचं नाही." त्याच्या नात्यातलं एक घर त्या आठवड्यात गेलं होतं. आपल्याकडे कोणी जास्त विचारत नाही. आम्हीही विचारलं नाही.

मग धुक्यातला आंबेनळीचा शॉट निघाला. भाचाच म्हणाला, त्या घाटात २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली होती, तीस माणसं. असं करत करत अर्धी यादी गळाली. गिटारवाला वैतागून म्हणाला, "तुमच्याकडे कॅमेरा ठेवायला जागाच नाही का? जिथे ठेवावा तिथे काहीतरी झालेलं आहे!"

सगळे हसलो. पण तो बोलला ते खरंच होतं. सुंदर दिसणाऱ्या जागेला दुःखाचा रंग चढवणं हा इंडीचा आवडता संकेत. तो परक्या जागेत चालतो. जिथे लोकांना त्या जागेचं खरं दुःख माहीत आहे, तिथे उसनं दुःख आणून ओतलं तर बघणाऱ्याला लगेच कळतं. आई उठून गेली ती म्हणूनच.

मग करायचं काय? दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या मुलाचे वडील काही कामासाठी महाडला आले, तेव्हा घरी चहाला थांबले. शाहीर माणूस, बोलायला मोकळे. मुलांनी त्यांना प्रोजेक्ट समजावला. संकेत, जॉनर वगैरे. ते म्हणाले, "म्हणजे आमच्यात गण-गौळण असतं तसं?"

अगदी तसंच! ज्यांनी जाखडी बघितली नाही त्यांच्यासाठी. जाखडी किंवा बाल्या नाच, म्हणजे मधे शाहीर, ढोलकी, झांज, कोरस आणि भोवती गोल करून पायात चाळ बांधलेले नाचणारे. शक्ती-तुऱ्याचा सामना असेल तर दोन पक्ष. शक्तीवाले शक्तीला मोठं मानणार, तुरेवाले शिवाला. आधी गण, मग गौळण, मग सवाल-जवाब. क्रम ठरलेला. गणपतीत गावोगाव आणि एरवी मुंबईत चाकरमान्यांसमोर. परळच्या दामोदर नाट्यगृहात एके काळी मी स्वतः हे सामने बघितलेत, शेवटच्या रांगेत उभं राहून.

शाहीर म्हणाले, "गण कुणी चुकवत नाही. पण गणातच कळतं, समोरचा किती पाण्यात आहे." म्हणजे ठरलेल्या गोष्टीतच तुमचं वेगळेपण दिसतं. स्टीव्ह नील नावाच्या इंग्रज अभ्यासकाने जॉनरबद्दल १९८० मध्ये हेच मांडलंय, की जॉनर म्हणजे पुनरावृत्ती आणि फरक दोन्ही. तेच ते नसेल तर ओळख पटत नाही आणि नुसतं तेच ते असेल तर कोणी थांबत नाही. मुलांच्या वहीत हे वाक्य होतंच. पण शाहिरांच्या तोंडून आलं तेव्हा चौघांनीही माना वर केल्या.

मग शाहिरांनी पहिला कट बघितला. शांतपणे पूर्ण बघितला. आणि एकच प्रश्न विचारला, "माणसं कुठेत?"

मला एकदम माझी इनले कार्डं आठवली. जाखडीच्या कॅसेटीचं कव्हर म्हणजे काय असायचं? वर छोटीशी ग्रामदेवता. मधे फेटा बांधलेला शाहीर. आणि भोवती अंड्याच्या आकारात एकेक चेहरा. ढोलकीवाला, झांजवाला, कोरस, गीतकार, मंडळाचे अध्यक्ष. खाली वाडीचं नाव, गाव, तालुका आणि मुंबईतला पत्ता. जेमतेम चार इंच बाय अडीच इंच जागेत बारा-पंधरा चेहरे! मी मालकांशी भांडायचे, की हे घाण दिसतं, जरा मोकळी जागा सोडू या. ते म्हणायचे, "अगं, ज्याचा फोटो नसेल तो कॅसेट घेणार नाही, आणि त्याची वाडीही घेणार नाही." पण त्यात धंद्यापलीकडेही काहीतरी होतं. गिरणीत, गोदीत, हॉटेलात, कोणाच्या तरी घरी राबणाऱ्या त्या माणसांचा छापील चेहरा दुसरा कुठे असणार होता? ओळखपत्रावर. आणि या इनलेवर. चेहरा न दाखवणं ही इंडीची मिजास त्यालाच परवडते, ज्याचा चेहरा एरवी दिसत असतो.

हे मी बोलून गेले आणि भाच्याने लगेच वहीत लिहून घेतलं. (मार्क मिळाले तर निम्मे माझे.)

गिटारवाल्याला मात्र वाटलं, की चेहरे आले म्हणजे इंडी संपलं. तेव्हा गाणाऱ्या मुलीने फोनवर प्रतीक कुहाडचा 'कसूर'चा व्हिडिओ लावला, २०२० च्या लॉकडाऊनमधला. आपापल्या घरात बसलेल्या माणसांचे नुसते चेहरे, प्रश्न ऐकताना बदलत जाणारे. बाकी काही नाही. "हे इंडी नाही?" ती म्हणाली. तो गप्प. जॉनर म्हणजे काही दगडात कोरलेली गोष्ट नाही, चाळीस वर्षांत तीही चालत पुढे आलीये.

यातून जे निघालं ते असं. पाऊस पूर्ण काढून टाकायचा. शूटिंग मे महिन्यात. सावित्रीत पाणी कमी, खडक उघडे, डोंगर पिवळे, डोक्यावर ऊन. आणि बाजारपेठेत जायचं. महाडमध्ये कोणालाही पुराचं विचारा, तो बोलायच्या आधी हात वर करतो. "एवढं होतं." कोणाचा हात छातीशी, कोणाचा डोक्यावर, कोणी टाचा उंचावून. तो हात हाच व्हिडिओ. एकेका दुकानाच्या दारात एकेक माणूस उभा, कॅमेऱ्याकडे बघतोय, आणि हात पाण्याच्या उंचीवर धरलाय. शिंपी, किराणावाला, औषधाच्या दुकानातल्या ताई, शाळेतली मुलं (त्यांचा हात अर्थात पोहोचत नाही, ती उडी मारतात). काही जण नाही म्हणाले. एका आजोबांनी हात वर केला आणि मग "हे नका घेऊ" म्हणाले. ते नाही घेतलं. मुलांनी हा नियम शेवटपर्यंत पाळला, याचं मला फार बरं वाटतं.

बसची खिडकी मात्र ठेवली. पण ती बस महाडहून पोलादपूरला जाणारी, म्हणजे राजेवाडीजवळच्या सावित्रीच्या पुलावरून. तिथला ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि त्यात दोन एसट्या आणि इतर गाड्या गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्ये सुरू झाला. आता रुंद आहे, दिवे आहेत, पण जुनी माणसं अजून तिथे हात जोडतात. मुलांनी केलं काय, तर बस पुलावर आली की गाणं थांबवलं. पूर्ण. फक्त एसटीचा खडखडाट, खिडकीच्या काचेचा आवाज, कंडक्टरची घंटी. पूल संपला की गाणं पुन्हा सुरू. म्युझिक व्हिडिओत संगीत थांबवायचं म्हणजे पहिलाच नियम मोडला. गिटारवाल्याची ही कल्पना! ज्याने ड्रोन मागितला होता त्याचीच.

राहिलं चवदार तळं. महाडचं गाणं म्हटल्यावर तळं येणार असं मला वाटत होतं. पाणी आणि महाड म्हटल्यावर आणखी काय? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आपल्या हजारो लोकांसह या तळ्याचं पाणी प्राशन केलं. मुंबई कायदेमंडळाचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं जाहीर केलेलं. तरी प्रत्यक्षात ओंजळ भरायला सत्याग्रह करावा लागला, आणि त्यावरून दगडकाठ्या चालल्या. गाणाऱ्या मुलीच्या घरात हा इतिहास पुस्तकातला नाही. तिच्या आजोबांकडे भीमगीतांच्या कॅसेटींची पेटी आहे. आमच्या घरात त्या कॅसेटी नव्हत्या, आवाज मात्र मार्च-एप्रिलमध्ये लाउडस्पीकरवरून यायचा, एवढीच माझी लहानपणची ओळख. मी त्यांची कव्हरं केली ती नंतर, लालबागला. निळा रंग, अशोकचक्र, बाबासाहेबांचा कोट-टायमधला फोटो आणि गायकाचा माइक हातात धरलेला. तोही एक जॉनर आणि त्याचेही संकेत पक्के.

मी तिला म्हटलं, तळ्याच्या काठावर तुझा एक शॉट घ्या की, संध्याकाळचा. ती मला म्हणाली, "काकू, तिथे उदास उभं राहायचं नाही. तिथे कोणी उदास व्हायला येत नाही. वीस मार्चला या, बघा लोक कसे येतात."

काय उत्तर देणार? इंडीचा पाठमोरा, हरवलेला माणूस तिथे बसतच नाही. तिथे माणूस समोर तोंड करून उभा राहतो. त्या पाण्याचं गाणं कोरसचं आहे, १९३० च्या दशकातल्या आंबेडकरी जलशांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत आणि पुढेही. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं. तिने तळं घेतलं नाही, पण ती उचल घेतली. गाण्याचं शेवटचं कडवं ती एकटी गात नाही. ती एक ओळ म्हणते आणि मागून दहाबारा आवाज ती उचलतात. त्यात शाहिरांची झांज आहे, तिच्या चुलतभावांचे आवाज आहेत आणि आमच्या वहिनीचाही आहे. गिटार त्या वेळी मागे जाते. कानाला ते इंडीच वाटतं, पण जिथे बसलंय ती जागा वेगळी आहे.

कव्हरवरून शेवटची मारामारी झाली, आणि तिथे मी अर्थातच मधे पडले. आता कव्हर म्हणजे चौकोनी चित्र, तीन हजार बाय तीन हजार पिक्सेल मागतात, आणि फोनवर दिसतं नखाएवढं. नखाएवढ्या जागेत पंधरा चेहरे म्हणजे पंधरा ठिपके. त्यामुळे पुढे एकच गोष्ट हवी, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आमच्याच माजघराची भिंत घेतली. दादाने रंग काढताना एक पट्टा मुद्दाम तसाच ठेवलाय. खाली मातकट, वर चुन्याचा, मधे रेघ, आणि रेघेशेजारी दादाच्या अक्षरात पेन्सिलीने तारीख. नाव काहीच नाही. लांबून बघितलं तर क्षितिजासारखं दिसतं. पीटर सॅव्हिलही नाक मुरडणार नाही.

पण आईचा प्रश्न होताच. "गाणं कोणाचं ते कसं कळणार?" म्हणून पोस्टर आणि व्हिडिओचा शेवट जाखडीच्या इनलेसारखा केला. अंड्याच्या आकारात एकेक चेहरा, खाली नाव आणि गाव. चौघे, शाहीर, कोरस, शिंपी, औषधाच्या ताई, उडी मारणारी मुलं, एसटीचे कंडक्टर (त्यांची परवानगी घेऊन). मांडणी मी केली. पंचवीस वर्षांनी पुन्हा तेच अंडाकार काढताना हात आपोआप चालत होता. या वेळी मोकळ्या जागेसाठी कोणाशी भांडले नाही.

प्रोजेक्टला मार्क किती मिळाले ते भाच्याची परवानगी नाही म्हणून लिहीत नाही. परीक्षकांपैकी एकांचं म्हणणं पडलं, की शेवट जॉनरमध्ये बसत नाही. मुलांनी दोन पानं लिहून उत्तर दिलं. बसत नाही हे मान्य, आणि का ते असं असं. मला वाटतं शिकवण्याचा हेतू तिथेच पुरा झाला. संकेत मोडले याचं मला फार कौतुक नाही, मोडायला काय लागतं! प्रत्येक संकेत कोणाच्या बाजूने बोलतोय हे त्यांनी एकेक करून विचारलं, काही ठेवले, काही परत केले, हे खरं काम.

दिवाळीत घरी सगळ्यांनी मिळून तो चार मिनिटांचा व्हिडिओ बघितला. आईने पूर्ण बघितला. पुलाचा भाग आला तेव्हा तिने हात जोडले. शेवटी चेहरे यायला लागले तसे ती एकेकाला ओळखून नावं घेत होती, आणि कोणाचं पाणी कुठवर आलं होतं तेही सांगत होती. तिचं सांगणं व्हिडिओपेक्षा बरंच लांबलं.

असो. आता एक काम. लालबागला केलेली माझी इनले कार्डं माझ्याकडे एकही उरलेली नाहीत. जी महाडच्या घरात होती ती त्या पाण्यात गेली. तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर जाखडी, भीमगीतं, कोळीगीतं, कसल्याही जुन्या कॅसेटी असतील तर कृपया टाकू नका. नुसता कव्हरचा फोटो काढून पाठवलात तरी चालेल. पुढून आणि मागून, दोन्हीकडून. नावं मागेच असतात.